एका हाताची लढत

बंदरावर सगळे तिला क्रेनवाली म्हणत. घरच्यांनी ठेवलेलं नाव पगाराच्या दिवशीच काय ते ऐकू यायचं. उंचावरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून, दोन हातांनी दोन दांडे हलवत, ती जहाजावरचे कंटेनर उचलायची आणि खाली ट्रकवर अशी अलगद ठेवायची की ट्रकवाल्याला कधी कधी कळायचंही नाही. तो हॉर्न वाजवून विचारायचा, झालं का?

मग तिची मूत्रपिंडं थकली. डॉक्टरांनी केबिन बंद केली, साहेबांनी तिला फाटकाजवळच्या खोलीत बसवलं, आणि आठवड्यातल्या तीन सकाळी डायलिसिसच्या खुर्चीत जायला लागल्या. डाव्या हातात दोन जाड सुया, त्यांना जोडलेल्या नळ्या, शेजारी घरघरणारं मशीन. हात जरा हलला की मशीन कोकलायचं आणि सिस्टर धावत यायची. त्यामुळे डाव्या हाताला हलायची परवानगी नव्हती आणि उजव्याला काही काम नव्हतं. पहिले काही आठवडे ती छताकडे बघत बसली. जन्मभर तिने खाली बघून काम केलं होतं. वर बघायचं कसं हे तिला ठाऊकच नव्हतं.

शेजारच्या खुर्चीत एक तरुण असायचा. जमीन मोजणाऱ्यांच्या कार्यालयात नकाशे काढायचा. पाय खुर्चीबाहेर हातभर लोंबायचे म्हणून सगळा वॉर्ड त्याला लांब्या म्हणे, आणि तोही त्या नावाला ओ देई. खुर्चीच्या दांड्याला त्याने फोनचा स्टँड अडकवला होता. त्या फोनवर तो उजव्या हाताने काहीतरी खेळायचा आणि दातओठ खायचा.

क्रेनवाली आधी चोरून आणि मग उघडच बघायला लागली. जपानी कार्टूनसारखी दिसणारी माणसं एकमेकांना बडवत होती. केस खिळ्यांसारखे उभे, कोट अंगापेक्षा मोठे, डोळे बशीएवढे. लांब्याचा लाल केसांचा लढवय्या एका निळ्या कोटवाल्याकडून सारखा मार खात होता. पुन्हा उठायचा, पुन्हा खायचा. शेवटी तिला राहवलं नाही.

"तो निळ्या कोटाचा मारायच्या आधी खांदा खाली घेतो," ती म्हणाली. "तू हाताकडे बघत बसलास तर उशीरच होणार."

लांब्याने तिच्याकडे असं पाहिलं की जणू बसमध्ये अनोळखी बाईने त्याच्या डब्यात हात घातला. पण पुढच्या फेरीत त्याने खांद्याकडे लक्ष ठेवलं. निळा कोट आडवा झाला.

"तुम्हाला येतो हा गेम?" त्याने विचारलं.

"मला पत्ते येतात," ती म्हणाली. "आणि झुलणाऱ्या वजनाकडे बघायची सवय आहे."

एवढ्यावरून सगळं सुरू झालं. लांब्याने तिला समजावून सांगितलं की हा गेम तो शाळेत असताना हातात धरायच्या एका छोट्या यंत्रावर खेळायचा. ते यंत्र कधीच वारलं. गेमची चकती घरी खणात पडून आहे. आता फोनमध्ये एम्युलेटर नावाचं ॲप टाकलं की फोन त्या जुन्या यंत्राचं सोंग घेतो, आणि गेमला वाटतं आपण आपल्याच घरात आहोत. हे तिला लगेच पटलं. बंदरावर नवा मुकादम जुन्याचा आवाज काढून माणसं हलवायचा, तसंच.

अडचण जागेची होती. मूळ गेम तिच्या जुन्या फोनमध्ये मावणं शक्यच नव्हतं, आणि हॉस्पिटलचं वायफाय म्हणजे ठिबकणारा नळ. पण इंटरनेटवर कुणा चिकट माणसाने तो गेम आटवून आटवून पार लहान केला होता. सुरुवातीचा सिनेमा काढून टाकला, लढवय्यांचे आवाज काढले, मागची दृश्यं धुरकट केली. मैदानाभोवती हजारो प्रेक्षक होते, त्यांचे नुसते ठिपके उरले. लढाई मात्र जशीच्या तशी होती. एका बुक्कीलाही त्याने हात लावला नव्हता. लांब्याकडे तीच फाईल होती.

तेवढ्या जागेसाठीही क्रेनवालीला फोन साफ करावा लागला. धाकट्या दिराच्या लग्नातल्या नाचाचे व्हिडिओ तिने उडवले. तो नाच दुसऱ्यांदा बघावा असा नव्हताच. फाईल उतरली, उघडताना अर्ध्यात अडकली, पुन्हा उतरवावी लागली. गेम चालू झाला तेव्हा सगळे लढवय्ये कमरेएवढ्या पाण्यात उभं असल्यासारखे हळूहळू हलत होते. लांब्याने तिचा फोन मागून घेतला, चित्राचा बारीकपणा कमी केला, मधली काही चित्रं गाळायला सांगितली, आणखी दोन-तीन ठिकाणी टिचक्या मारल्या. तेव्हा कुठे मंडळी पाण्यातून बाहेर आली.

तरी खरा प्रश्न उरलाच होता. गेम दोन हातांचा होता. डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्याने मारायचं. एम्युलेटरमध्ये पडद्यावरची बटणं उचलून कुठेही ठेवता येत, म्हणून लांब्याने आपली सगळी बटणं उजवीकडे आणली होती: अंगठ्याने चाल, पहिल्या दोन बोटांनी मार. त्याची बोटं लांबसडक. तिची आखूड, जाड, दांड्यांवर घट्टे पडलेली. त्याची मांडणी तिला बसेना. ती चालायला गेली की लाथ बसायची आणि लाथ मारायला गेली की लढवय्या बसून घ्यायचा. मग दोघांनी मिळून तिची बटणं सरकवायला घेतली. एक केसभर वर, एक थोडं तिरकं, लाथेचं जरा मोठं. नकाशे काढणाऱ्या माणसाला हे काम मनापासून आवडतं हे तिच्या लक्षात आलं. एरवी तो वॉर्डात कुणाशी दोन शब्द बोलत नसे.

आवाज काढून टाकल्यामुळे एक गंमत झाली होती. मोठा वार करताना लढवय्या आ वासायचा, छाती फुगवायचा, आणि त्यातून काहीच यायचं नाही. क्रेनवालीला ते बघवेना. ती त्याच्या वतीने बोलायला लागली.

"ये रे बाबा, जवळ ये," लाल केसवाला तोंड उघडायचा आणि ती शांतपणे म्हणायची, "तुझा कोट उसवून देतो."

बर्फाचे गोळे फेकणारी एक पोरगी होती, क्रेनवाली तिलाच घेऊन लढायची. तिच्या तोंडी क्रेनवालीने आपल्या थोरल्या नणंदेची भाषा घातली, आणि समोरच्या खुर्चीतले म्हातारे पोस्टमास्तर हसता हसता इतके हलले की त्यांचं मशीन ओरडलं. सिस्टर आली. तिने तिघांना झापलं, आणि त्या दिवसापासून वॉर्डाचा नियम ठरला: ज्याचं मशीन ओरडेल तो फेरी हरला, मग पडद्यावर काहीही होवो. नियम मोडतो का कुणी ते बघायला सिस्टर मधूनमधून स्वतः उभी राहायची, आणि सलाईनची बाटली हातात तशीच विसरायची.

दोघं वायफायवरून एकमेकांशी लढू लागली. लांब्या तिला हरवायचा. ती चुरस द्यायला लागली, पण तरी हरायचीच. तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं. खुर्चीत बसल्यावर आता तिच्या उजव्या हाताला काम होतं, आणि ते काम नीट जमायला लागलं होतं. घरी भाजी चिरता चिरता तिची बोटं ओट्यावर चाली करून बघायची. नवरा बेकरीत भट्टीवर होता. पहाटे जायचा, दुपारी येऊन झोपायचा. त्याने एकदा डोळे किलकिले करून विचारलं की टाइपिंग शिकतेस काय.

लांब्याला दर खेपेला त्याची आई सोडायला यायची. शाळेचे गणवेश शिवायची. वाट बघताना बाहेरच्या बाकावर बसून बटणं लावायची. एका सकाळी तिने क्रेनवालीला थांबवलं. वर्षातून एकदा जुन्या गेमांची स्पर्धा होते, ती म्हणाली, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानावरच्या सभागृहात. याने लागोपाठ काही वर्षं जिंकली. तिथे याचे फोटो लावलेत. पण हाताचं ऑपरेशन झाल्यापासून नाव काढत नाही. या रविवारी आहे. ती पुढे काही म्हणाली नाही, सुईत दोरा ओवायला लागली. पण क्रेनवालीला कळायचं ते कळलं.

सुया टोचून झाल्यावर तिने विषय काढला. लांब्या फोनकडेच बघत राहिला. सुया नसतानाही आपल्या डाव्या हाताची बोटं थोड्या वेळात बधिर होतात, तो म्हणाला. डायलिसिससाठी शिरेची जोडणी केल्यापासून तसंच आहे. दोन हातांनी आता होत नाही.

"मग एका हाताने खेळ. इथे खेळतोसच की."

"इथलं वेगळं, मावशी. तिथे सगळे मला ओळखतात." त्याने उगाच फोनचा स्टँड सरळ केला. "बघत बसतील."

"बघायलाच येतात ना ते? तिकीट कशाचं काढतात?"

तो हसला नाही. मग ती गंभीरपणे बोलली. मी नाव देणार आहे, तिने सांगितलं. मला हरायची लाज नाही, रोज तुझ्याकडून हरतेच आहे. पण मला तिथे कुणी ओळखीचं नाही आणि कुठे बसायचं, काय करायचं ते कळत नाही. तू नुसता सोबत चल. नाव द्यायचं की नाही ते तुझं तू बघ.

रविवारी तो आला. नाव देऊनच आला होता, पण तोंड असं की दात उपटून घ्यायला निघालाय.

सभागृह म्हणजे लांबट खोली, लोखंडी खुर्च्या, भिंतीवर मोठा पडदा. समोर टेबलाला टेबलं जोडलेली, प्रत्येकावर फोनचे स्टँड. आपला फोन आणायचा आणि सभागृहाच्या वायफायवर खेळायचं अशी पद्धत होती. सगळ्यांकडे तीच आटवलेली फाईल निघाली. मूळ गेम बाळगण्याएवढा फोन कुणाकडेच नव्हता, किंवा असला तरी दुसऱ्याशी जुळायला सारखीच फाईल लागायची. भिंतीवर मागच्या विजेत्यांचे फोटो होते. त्यांतल्या तीन फोटोंत लांब्या होता, गुबगुबीत, दोन्ही हात उंच केलेला. काहीजणांनी त्याला ओळखलं, इतका वाळला कसा म्हणून विचारलं. तो काहीतरी पुटपुटला आणि त्याने डावी बाही मनगटापर्यंत ओढून घेतली. त्याची आई मागच्या रांगेत बसली. क्रेनवालीचा नवराही आला होता. तो लांब्याच्या आईशेजारी बसला आणि पाच मिनिटांत घोरू लागला.

क्रेनवालीची पहिली लढत कानात डूल घातलेल्या एका पोराशी होती. तिच्या मनात आलं, आज तर डावा हात मोकळा आहे. सुया नाहीत, नळ्या नाहीत. सगळे दोन हातांनी खेळतायत, तर आपणही खेळू. तिने फोन दोन्ही हातांत घेतला. पहिली फेरी तिने इतक्या झटपट घालवली की पंचाने दोनदा पडद्याकडे बघितलं. डावा अंगठा कुठल्या कुठे जात होता, आणि उजवा त्याच्या वाटेत येत होता. मागून कुणीतरी हसलं.

तिने श्वास घेतला. फोन स्टँडवर परत ठेवला. मग डावी बाही कोपराच्या वर सारली, हात टेबलावर पालथा न ठेवता उताणा ठेवला, जसा ती खुर्चीत ठेवायची तसा. त्या हातावर शिरेचा फुगीर पट्टा होता, टोचलेल्या जागांचे गडद डाग होते. ते सगळं दिव्याखाली स्पष्ट दिसत होतं. पोराने तिकडे बघितलं आणि चटकन नजर काढून घेतली. हात तिथे टेकला तसा तिचा उजवा हात आपोआप ठिकाणावर आला.

"चल बाई," ती आपल्या बर्फवाल्या पोरीला म्हणाली. "आता सुरू कर."

पुढच्या दोन्ही फेऱ्या तिने जिंकल्या.

दोन टेबलं पलीकडे लांब्या अडचणीत होता. तो बाही ओढून दोन हातांनी खेळत होता, आणि डावी बोटं त्याला दगा देत होती. एक फेरी गेली होती, दुसरी जायच्या बेतात होती. त्याचे कान लाल झाले होते. मध्येच त्याने मान वळवली. क्रेनवालीचा उताणा हात त्याला दिसला, उघडा, डागांसकट, टेबलावर निवांत पसरलेला. बाई त्याच्याकडे बघतही नव्हती. ती पुढच्या लढतीसाठी बोटं मोडत होती.

फेरी चालू असतानाच लांब्याने डावा हात फोनवरून काढला. दातांनी बाही वर ओढली, हात टेबलावर टाकला आणि उजव्याने टिचकी मारून बटणांची वॉर्डातली मांडणी परत आणली. तेवढ्या वेळात त्याने दोन लाथा खाल्ल्या. मग त्याने एका हाताने जे सुरू केलं ते बघायला आजूबाजूची माणसं उठून उभी राहिली. ती फेरी त्याने फिरवली, पुढचीही घेतली, आणि त्यानंतर सकाळभर तो कुणाच्या हाती लागला नाही.

क्रेनवालीही पुढे सरकत होती. तिची पद्धत साधी होती. समोरचा लढवय्या झेपावायचा तेव्हा ती मागे राहायची, घाई नाही, गडबड नाही; तो आपल्या जोरात पुढे जाऊन परत वळायचा त्या क्षणी ती त्याला धरायची. तोंडाने तिचं चालूच होतं, आधी हळू, मग लोक जवळ सरकले म्हणून जरा मोठ्याने. उपांत्य फेरीत तिने बर्फवाल्या पोरीच्या तोंडून असं काही सुनावलं की तिचा प्रतिस्पर्धीच हसून चुकला. त्याने नंतर तक्रार केली. पंचाने सांगितलं की बोलायला बंदी नाही.

अंतिम लढतीला ती दोघं समोरासमोर आली. मधल्या टेबलावर दोन फोन, आणि दोघांचे डावे हात बाहेर, एकसारखे, उताणे. खोलीत कुजबुज झाली. हा कुठला नवा डाव, असं एकाने विचारलं. कुणाला काही माहीत नव्हतं, आणि ती दोघं सांगत बसली नाहीत.

पहिली फेरी लांब्याने घेतली. दुसरी तिने, थोडक्यात. तिसऱ्या फेरीत दोघांच्या लढवय्यांत जेमतेम जीव उरला. लांब्याचा लाल केसवाला कोपऱ्यात दबा धरून बसला. आता पडद्याकडे बघून भागणार नाही हे क्रेनवालीला कळलं. इतके महिने ती त्याच्या शेजारी बसली होती. मोठा वार काढायच्या आधी लांब्या श्वास रोखतो, आणि त्याचे ते लांबलचक पाय खुर्चीखाली जवळ ओढले जातात, हे तिला ठाऊक होतं. ती थांबली. लोक ओरडत होते, मार, मार. ती थांबलीच.

टेबलाखाली त्याचे बूट सरकले.

तिने उडी घेतली. लाल केसवाल्याने आ वासला, त्याची ज्वाला तिच्या पायाखालून मोकळ्या हवेत गेली, आणि बर्फवाली पोरगी वरून थेट त्याच्या खांद्यावर उतरली. त्याची जिवाची पट्टी रिकामी झाली.

क्रेनवालीला नणंदेची भाषाही आठवली नाही. मग खोलीभर खुर्च्या सरकल्याचा आणि टाळ्यांचा आवाज झाला, आणि तिचा नवरा जागा होऊन सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवायला लागला. कशासाठी ते त्याला थोड्या वेळाने कळलं. तेव्हा तो खुर्चीवर चढला आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगू लागला की ही माझी बायको.

लांब्या फोनकडे बघत होता. तिला वाटलं, दुखावला असेल. त्याने मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा असा उजळला होता की फोटोतला गुबगुबीत मुलगा क्षणभर तिथे दिसला.

"मावशी, तुम्ही माझ्या पायांकडे बघत होतात," तो म्हणाला.

"पाय तेवढे लांब आहेत तुझे. न बघून करते काय?"

"मी वर्षभर कुणाकडून हरलो नव्हतो."

"वर्षभर माझ्याशिवाय कुणाशी खेळलास कुठे तू?" ती म्हणाली, आणि आता तो मोठ्याने हसला.

बक्षीस म्हणून खोक्यात ते जुनं यंत्रच होतं, दुरुस्त करून चकचकीत केलेलं, मूळ गेमसकट. पंचाने ते तिच्या हातात दिलं. तिने उलटसुलट करून पाहिलं. दोन्ही बाजूंना बटणं होती, एक बाजू डाव्या हाताला, एक उजव्याला. वॉर्डात त्याचा काडीचा उपयोग नव्हता. लांब्याने ते चालू केलं आणि क्रेनवालीने पहिल्यांदा सुरुवातीचा सिनेमा बघितला. लढवय्ये खणखणीत आवाजात जपानी ओरडत होते. क्रेनवालीने जरा वेळ ऐकलं आणि निर्वाळा दिला की बर्फवालीचा आवाज अगदीच बारीक आहे, तिला शोभत नाही.

लांब्याची आई पुढे आली. लढतीतलं तिला काही समजलं नव्हतं. मुलगा हरला एवढंच कळलं होतं. तिने काळजीने विचारायला तोंड उघडलं, पण त्याने तिला बोलू दिलं नाही. तो जिन्याकडे जाता जाता तिला सगळी लढत सांगायला लागला, पहिल्या फेरीपासून, कुणी कुठे उडी मारली, कोण कसा फसला, दोन्ही हातांनी हवेत दाखवत. बाही अजून वरच होती. समोरून येणारी माणसं बाजूला होऊन वाट देत होती. आई प्रत्येक पायरीवर थांबायची, मान डोलवायची आणि "बरं, मग?" म्हणायची.

क्रेनवालीने बक्षिसाचा खोका नवऱ्याच्या हातात दिला, पदर नीट केला आणि सगळ्यांच्या पुढे होऊन रस्त्यावर आली. ऊन छान पडलं होतं.

"भूक लागलीय," ती म्हणाली. "आज मी सांगेन तिथे जेवायचं."